बाटलीच्या अंगावरची अक्षरे आणि तोंडावरचे बूच

जुन्या काचेच्या बाटल्या जमवणारी बहुतेक माणसे आधी रंगावर भाळतात. गडद निळी, बाटलीहिरवी, मधाच्या रंगाची, फिकट जांभळी अशा चार बाटल्या उन्हाच्या खिडकीत ओळीने मांडल्या की नजर हटत नाही. मुरलेला संग्राहक मात्र रंगाकडे सर्वांत शेवटी वळतो. बाटली हातात आली की तो आधी तिच्या अंगावरून अंगठा फिरवतो, मग गळा आणि ओठ निरखतो, मग ती उलटी करून बूड पाहतो. अंगावरच्या उठावाच्या अक्षरांवरून ती कोणाची होती ते कळते आणि बुडावरून ती कशी घडली ते कळते. ती कशासाठी घडली, हे मात्र तोंडावरूनच कळते.

बाटलीचा इतिहास हा मुख्यतः तिचे तोंड बंद कसे ठेवायचे या प्रश्नाचा इतिहास आहे. आतला वायू निसटू नये, अत्तर उडून जाऊ नये, विष चुकून कोणाच्या पोटात जाऊ नये, या गरजांतून तऱ्हेतऱ्हेची बुचे जन्माला आली. आज आपण ज्यांना शोभिवंत म्हणतो, त्यांतली बरीचशी आधी कामाची होती. म्हणून बाटली जमवायची ती बुचासकट, आणि वाचायची तीही बुचासकट.

नाव काचेतच का?

आजची बाटली रिकामी झाली की तिचे काम संपते. एकोणिसाव्या शतकात तसे नव्हते. बाटली माणसाने फुंकून घडवलेली असे आणि आतल्या पेयापेक्षा ती पुष्कळदा महाग पडे. कारखानदार ती गिऱ्हाइकाला जणू उसनी देत. पेय पिऊन झाले की बाटली परत यायची, धुतली जायची, पुन्हा भरली जायची. कागदी लेबल या धुण्यात टिकणे शक्य नव्हते. शिवाय एकाची बाटली दुसऱ्याने पळवून आपला माल त्यात भरण्याचे प्रकार सर्रास चालत. त्यावर उपाय म्हणून मालकाचे नाव, गाव आणि पुष्कळदा एखादे चिन्ह काचेतच उठवले जाऊ लागले.

ही अक्षरे येत कशी? तापलेल्या मऊ काचेचा गोळा फुंकणीच्या टोकावर घेऊन तो दुभंगणाऱ्या धातूच्या साच्यात उतरवायचा आणि फुंकायचे. काच साच्याच्या भिंतींना जाऊन चिकटते. साच्याच्या आतल्या बाजूला अक्षरे उलटी कोरलेली असली की ती बाटलीवर सुलटी आणि उठून येतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या हेन्री रिकेट्सने १८२१ साली तीन भागांच्या साच्याचे पेटंट घेतले. त्यामुळे बाटल्या एकसारख्या मापाच्या निघू लागल्या आणि बुडावरही नाव उठवता येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साच्यात बदलता येणाऱ्या पट्ट्या आल्या. साचा तोच, फक्त नावाची पट्टी काढून दुसरी बसवायची. त्यामुळे पूर्ण नवा साचा न परवडणाऱ्या गावोगावच्या औषधविक्यांनाही आपल्या नावाची बाटली करून घेणे शक्य झाले. एकाच घडणीच्या पण वेगवेगळ्या नावांच्या शेकडो बाटल्या आज सापडतात त्याचे कारण हे आहे. साचा हाताने कोरला जात असल्यामुळे अक्षरांत चुकाही राहत. उलटा पडलेला एन किंवा एस, गाळलेले अक्षर, खोडून पुन्हा कोरलेला पत्ता, अशा चुकांच्या बाटल्या संग्राहक मुद्दाम शोधतात.

काही कंपन्यांनी नावाच्या पुढे जाऊन चित्रेच उठवली. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या एच. एच. वॉर्नरने तिजोऱ्या विकून पैसा केला आणि मग ‘सेफ क्युअर’ नावाचे औषध बाजारात आणले. इंग्रजीत तिजोरीला सेफ म्हणतात, म्हणून त्याच्या बाटलीवर तिजोरीचे चित्र उठवलेले असे. स्कॉटलंडच्या लीथ बंदरात लॉक्लन रोझने १८६५ साली लिंबूरसाचा व्यवसाय सुरू केला. १८६७ च्या ब्रिटिश जहाजविषयक कायद्याने स्कर्व्ही हा रोग टाळण्यासाठी खलाशांना लिंबूरस देणे बंधनकारक केले आणि या धंद्याला बळ मिळाले. रोझच्या उंच, सडपातळ बाटलीवर लिंबाची पाने आणि फळे वेलीसारखी वर चढत गेलेली दिसतात. ती नक्षी इतकी ठसठशीत आहे की लेबल नसतानाही बाटलीत काय होते ते कळते.

वय कसे ओळखावे

काचेवर साल क्वचितच असते, पण घडणीच्या खुणा असतात. पहिली खूण बुडाशी. फुंकलेली बाटली फुंकणीपासून तोडून तिचे तोंड घडवायचे तर तिला दुसऱ्या टोकाने धरावे लागे. त्यासाठी बुडाला लोखंडी सळई चिकटवत आणि काम झाल्यावर तोडून काढत. त्या जागी खरखरीत व्रण राही. १८६० च्या सुमारास बुडाला चिकटवावी न लागणारी पकड वापरात आली आणि साध्या बाटल्यांवरचा हा व्रण हळूहळू नाहीसा झाला. बुडाला असा व्रण असेल तर बाटली बहुधा त्याआधीची समजावी.

दुसरी खूण म्हणजे साच्याची शिवण. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बाटलीवर वरपासून खालपर्यंत बारीक रेघ उमटते. ही रेघ गळ्यापर्यंत येऊन ओठाखाली थांबत असेल, तर ओठ नंतर हाताने, हत्याराने घडवलेला आहे. रेघ ओठावरून पार वरपर्यंत जात असेल, तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्सने अमेरिकेतल्या टोलेडो शहरात १९०३ च्या सुमारास पूर्ण स्वयंचलित बाटली-यंत्र सिद्ध केले. त्यानंतरच्या काळात फुंकणारे कारागीर झपाट्याने मागे पडले. ओवेन्स यंत्राच्या बाटलीच्या बुडावर एक वेडेवाकडे, पिसासारख्या कडांचे वर्तुळ दिसते. काच खेचून घेऊन कापल्याची ती खूण आहे.

तिसरी खूण रंग. काच म्हणजे मुळात वाळू, सोडा आणि चुना. वाळूत लोहाचा अंश असतोच, म्हणून साध्या काचेला हिरवट-निळसर झाक येते. कोबाल्ट घातले की गडद निळा रंग येतो. हिरवट झाक घालवण्यासाठी मँगनीज घालत. पण मँगनीज घातलेली पांढरी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की अतिनील किरणांमुळे तिला फिकट जांभळा रंग चढतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीजऐवजी सेलेनियम वापरले जाऊ लागले. म्हणून आपसूक जांभळी झालेली बाटली बहुधा त्याआधीची असते. अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च जवळ ठेवावा. युरेनियम घातलेली काच त्याखाली लख्ख हिरवी चमकते, मँगनीजची काच मंद हिरवट दिसते.

एकाच खुणेवर विसंबू नये. जुने साचे पुढे वर्षानुवर्षे वापरले गेले, लहान कारखान्यांत हाताचे काम यंत्र आल्यावरही चालू राहिले. तीन-चार खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच वय सांगावे.

वायूला कोंडणारी गोटी

आता तोंडाकडे येऊ. १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टलीने शेजारच्या दारूभट्टीतला वायू पाण्यात मिसळून पाहिला. १७८३ मध्ये याकोब श्वेप जिनिव्हात सोडावॉटरचा धंदा करू लागला, १७९२ मध्ये तो लंडनला आला. सोडा लोकप्रिय झाला, पण एक अडचण सुटेना. लाकडी बूच सुकले की आक्रसते, फटीतून वायू निघून जातो आणि उरते ते फिके पाणी. म्हणून अंड्याच्या आकाराच्या, गोल बुडाच्या बाटल्या निघाल्या. त्यांना उभे करताच येत नसे. आडव्या ठेवल्या की पाणी बुचाला भिडे आणि बूच ओले राही. संग्राहक त्यांना टॉर्पिडो म्हणतात. बूड गोल असण्यामागे इतका साधा हेतू होता.

या प्रश्नाचे सर्वांत देखणे उत्तर हायरम कॉडने शोधले. १८३८ साली इंग्लंडच्या बरी सेंट एडमंड्स गावी जन्मलेल्या या माणसाने १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. कल्पना अशी की वायूच्या दाबाशी झगडण्याऐवजी त्याच्याकडूनच बाटली बंद करून घ्यायची. ओठाच्या आत खाचेत रबराची कडी आणि गळ्यात काचेची गोटी. सोडा भरताना बाटली उलटी केली की गोटी तोंडाकडे घसरते आणि आतला वायू तिला रबरावर घट्ट दाबून धरतो. दाब जितका जास्त तितके तोंड घट्ट. वरून लाकडी टोपणाने किंवा बोटाने गोटी आत ढकलली की वायू सुटतो आणि गोटी गळ्याच्या चिमटलेल्या कप्प्यात पडते. ओतताना ती पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्यात दोन खळगे ठेवलेले असतात. बाटली योग्य बाजूने कलती केली की गोटी त्या खळग्यांत अडकून राहते. ही गोटी तोंड अंतिम आकाराला येण्याआधीच आत टाकलेली असते, म्हणून बाटली फोडल्याशिवाय ती बाहेर येत नाही. पोरांनी गोट्यांसाठी कितीतरी बाटल्या फोडल्या. अखंड कॉड बाटल्या आज कमी सापडतात त्यात या खेळाचाही वाटा आहे.

कॉडने यॉर्कशायरमधल्या बार्न्सलीच्या रायलँड्स यांच्याबरोबर भागीदारी केली आणि तो भाग या बाटल्यांचे माहेरघर बनला. जुन्या बाटलीवर डॅन रायलँड्स, बार्न्सली ही अक्षरे दिसली की संग्राहकाचे डोळे चमकतात. बहुतेक कॉड बाटल्या हिरवट-निळसर असतात. गडद निळी, तपकिरी किंवा ओठ रंगीत असलेली कॉड दुर्मीळ, म्हणून तिला फार मोठी किंमत येते. रंगीत ओठालाही व्यवहारी कारण होते. पेटीत उभ्या बाटल्यांतून आपली बाटली वरूनच ओळखू यावी यासाठी तो असे.

अमेरिकेने वेगळे मार्ग काढले. शिकागोच्या चार्ल्स हचिन्सनने १८७९ मध्ये तारेचा फासा आणि रबरी चकती असलेले बूच आणले. फासा वर ओढला की तोंड बंद, खाली दाबला की फट्‌कन उघडे. १८९४ मध्ये विक्सबर्ग शहरात कोकाकोला प्रथम बाटलीत भरला गेला तो अशाच बाटल्यांत. त्याआधी १८७५ मध्ये चार्ल्स द क्विलफेल्टने तारेच्या तरफेने घट्ट बसणाऱ्या बुचाचे पेटंट घेतले होते. पांढऱ्या चिनीमातीचे आणि त्यावर मद्यभट्टीचे नाव छापलेले असे तरफेचे बूच युरोपात इतके रुळले की आजही काही बियरच्या बाटल्यांवर दिसते. शेवटी बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये दातेरी पत्र्याचे झाकण आणले. ते स्वस्त होते, एकदाच वापरायचे होते आणि यंत्राला सोयीचे होते. त्याने बाकी सगळ्या बुचांची सद्दी संपवली. यंत्राची बाटली आणि पत्र्याचे झाकण यांची जोडी जमली तिथे संग्राहकांचा हा सुवर्णकाळ संपतो.

काचेला काचेचेच बूच

औषध, रसायन आणि अत्तर यांची गरज निराळी होती. आम्ल लाकडी बूच खाऊन टाकते, अत्तराला बुचाचा वास लागतो. तिथे काचेला काचेचेच बूच हवे. बुचाची खालची दांडी आणि बाटलीच्या गळ्याची आतली बाजू कुरुंदाची पूड आणि पाणी घेऊन एकमेकांशी जुळतील अशा घासत. असे घासलेले बूच फक्त त्याच बाटलीला नेमके बसते. म्हणून कारागीर बाटलीच्या गळ्यावर किंवा बुडाशी आणि बुचाच्या दांडीवर एकच आकडा बारीक कोरून ठेवत. जुनी अत्तराची कुपी किंवा मद्याची सुरई घेताना हे दोन आकडे जुळतात का ते आधी पाहावे. जुळले तर जोडी मूळची. न जुळणारे, डुगडुगणारे बूच म्हणजे नंतर कोणीतरी दुसऱ्या बाटलीचे बसवलेले.

सॉसच्या बाटल्यांत लाकडी आणि काचेचे बूच या दोन पद्धतींचा मेळ दिसतो. १८३७ पासून विकल्या जाणाऱ्या ली अँड पेरिन्सच्या वूस्टरशायर सॉसच्या बाटलीवर कंपनीचे नाव अंगावर उभे आणि सॉसचे नाव खांद्याभोवती उठवलेले असे. तिच्या काचेच्या चपट्या बुचाच्या दांडीवर पातळ लाकडी बुचाचे वेष्टन चढवत. घासण्याचा खर्च वाचे आणि तोंडही घट्ट बसे. बाटल्या पुष्कळ सापडतात, त्यांची बुचे मात्र कमी.

विषाच्या बाटल्यांची गोष्ट सर्वांत हृद्य आहे. दिव्याच्या मंद उजेडात, अर्धवट झोपेत माणूस खोकल्याच्या औषधाऐवजी मालिशचे विषारी तेल प्यायचा धोका मोठा होता. आंधळ्या आणि निरक्षर माणसाला तर लेबलाचा उपयोगच नव्हता. म्हणून विषाची बाटली बोटांना कळेल अशी करण्यात आली. षटकोनी, निळी किंवा हिरवी, अंगावर उभ्या धारा आणि ‘पोटात घेऊ नये’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. अमेरिकेतल्या व्हिटॉल टेटम कंपनीच्या निळ्या बाटलीवर जाळीदार उठाव असे आणि तिचे बूचही टोकेरी उंचवट्यांचे असे. ते धरताच बोटे सावध व्हावीत. १८९४ साली कार्लटन ली याने तर मानवी कवटीच्या आकाराच्या बाटलीचे पेटंट घेतले. गडद निळ्या काचेच्या त्या कवट्या आज या छंदातल्या अत्यंत मोलाच्या वस्तूंपैकी आहेत. शोभा म्हणून आपण ज्या नक्षीकडे पाहतो, तिने कोणाचा तरी जीव वाचवावा अशी तिच्या कर्त्यांची इच्छा होती.

अत्तराच्या कुप्यांत मात्र बूच खऱ्या अर्थाने कलावस्तू झाले. लंडनच्या क्राउन परफ्युमरी कंपनीच्या लॅव्हेंडर सॉल्टच्या हिरव्या कुपीवर मुकुटाच्या आकाराचे बूच असे. ते जवळजवळ सगळ्या नवोदित संग्राहकांचे पहिले स्वप्न असते. पॅरिसमध्ये दागिने घडवणारा रने लालीक १९०८ च्या सुमारास फ्रान्स्वा कोटी या अत्तरवाल्यासाठी काम करू लागला. त्याने साच्यातली काच आणि उठावाची नक्षी यांतून सामान्य माणसालाही परवडेल अशी देखणी कुपी घडवण्याचा मार्ग दाखवला. १९२१ मध्ये त्याने अल्सासमधल्या विंगेन गावी कारखाना काढला. वर्थ कंपनीच्या १९२४ सालच्या ‘दां ला न्वी’ या अत्तराची निळी गोल कुपी चांदण्यांनी भरलेली आहे. लालीकच्या काही कुप्यांची बुचे दोन्ही बाजूंना कमानीसारखी खाली उतरतात आणि मुळी बाटलीपेक्षाही मोठी असतात. फळांच्या घोसांची ती कमानदार बुचे अतिशय नाजूक, म्हणून धडधाकट अवस्थेत फारच थोडी उरली. इथे संग्राहक बुचासाठी कुपी घेतो, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडचा धागा

कॉडची बाटली इंग्लंडमधून केव्हाच गेली. आपल्याकडे ती गोटी सोडा म्हणून जिवंत राहिली, आणि जपानमध्ये रामुने या पेयाच्या रूपाने. मुंबई-पुण्यातल्या सोड्याचा इतिहास मोठ्या प्रमाणावर पारशी उद्योजकांचा आहे. मुंबईचे पालनजी १८६५ पासूनचे, पुण्याच्या लष्कर भागातले अर्देशीर १८८४ चे, आणि दिनशॉजी पांडोले यांची ड्यूक कंपनी १८८९ ची. इराणी हॉटेलात आणि लग्नाच्या पंक्तीत रासबेरी सोडा प्यायलेल्या पिढ्यांना ही नावे पाठ आहेत. या आणि यांच्यासारख्या छोट्या-मोठ्या सोडा कारखान्यांच्या नावांच्या जुन्या बाटल्या हा मराठी संग्राहकासाठी सर्वांत जवळचा आणि अजून पुरता न धुंडाळलेला प्रांत आहे. इंग्लंडमध्ये गावागावाच्या सोडा कारखान्यांच्या याद्या हौशी लोकांनी तयार केल्या. तसे काम आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून व्हायला हवे.

काच घडवण्याचाही इथे अभिमान वाटावा असा इतिहास आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने लोकांकडून एकेक पैसा जमवला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. तिथे काचकाम शिकलेले तरुण पुढे ठिकठिकाणी गेले. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला, त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. स्वदेशीच्या त्या काळातली, देवनागरी अक्षरे उठवलेली एखादी औषधाची किंवा तेलाची बाटली हाती आली, तर ती परदेशी बाटलीइतकीच, किंबहुना अधिक जपावी.

शोधायचे कुठे? पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार, गावोगावचे भंगारवाले, बंद पडलेले दवाखाने, वाडे पाडताना निघणाऱ्या माळ्यावरच्या वस्तू. इंग्लंड-अमेरिकेत लोक जुने उकिरडे खणतात. आपल्याकडे काच वितळवून पुन्हा वापरण्याची परंपरा जुनी आणि पक्की आहे. त्यामुळे जी बाटली भंगारात गेली ती भट्टीतच गेली. म्हणून इथे टिकलेली प्रत्येक बाटली कोणाच्या तरी घरातल्या काळजीमुळे टिकली आहे.

घेताना आणि ठेवताना

बाटली विकत घेण्याआधी ती उजेडासमोर धरावी. ओठावर आणि बुडावर नख फिरवावे. टवका निघाला असेल तर नखाला कळतो. गळ्याच्या वळणावर केसासारखी चीर आहे का पाहावे. जमिनीत पुरलेल्या काचेवर धुरकट पापुद्रा येतो. तो मळ नसतो. ओलाव्याने काचेतला सोडा झिरपून गेलेला असतो, त्यामुळे तो धुऊन जात नाही. त्यासाठी आम्ल वापरू नये.

साध्या मळाला कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश पुरतो. आत हात जात नसेल तर मूठभर तांदूळ आणि पाणी घालून हलक्या हाताने फिरवावे. वाळू किंवा खडे घालू नयेत, त्यांचे ओरखडे कायमचे राहतात. उकळते पाणी तर कधीच नको. जाड-पातळ काच असमान तापली की तडकते. बाटलीत जुने औषध किंवा रसायन उरले असेल तर वास घेऊ नये, मोरीत ओतू नये. रसायनाच्या जाणकाराला आधी दाखवावे.

अडकलेल्या काचेच्या बुचाशी कुस्ती खेळणे ही संग्राहकाची सर्वांत महागात पडणारी घाई. सांध्यावर ग्लिसरीन किंवा पातळ तेलाचे दोन थेंब सोडून बाटली दिवसभर तशीच ठेवावी. मग लाकडी चमच्याच्या दांड्याने बुचाला दोन्ही बाजूंनी अलगद टिचक्या द्याव्यात आणि ते ओढण्याऐवजी हळूच फिरवून पाहावे. नाही निघाले तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. बूच काढून ठेवायची वेळ आली तर ते त्याच बाटलीला दोऱ्याने बांधून ठेवावे. फुटलेल्या बाटल्यांपेक्षा हरवलेल्या बुचांनी जास्त संग्रह मोडले आहेत.

नकलांपासून सावध राहावे. साधी पांढरी काच किरणोत्सर्गाखाली ठेवून तिला गडद जांभळा किंवा तपकिरी रंग चढवता येतो, आणि तसे करून स्वस्त बाटल्या दुर्मीळ म्हणून विकल्या जातात. उन्हाने आलेला जांभळा रंग फिकट असतो, भडक नसतो. अमेरिकेत व्हीटन कंपनीने विसाव्या शतकात जुन्या घडणीच्या शोभेच्या बाटल्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. त्यावेळी कोणाला फसवण्याचा हेतू नव्हता, पण आता त्या जुन्या म्हणून हातोहात फिरतात. नकलेची अक्षरे बहुधा बोथट आणि मऊसर असतात, शिवण ओठावरून जाते, आणि शे-दीडशे वर्षांच्या वापराने बुडाच्या कडेवर पडणारी बारीक झीज तिच्यावर नसते.

कायद्याचे भानही हवे. १९७२ च्या पुरावस्तू व कलावस्तू कायद्यात किमान १०० वर्षे जुन्या, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या वस्तूंचा समावेश पुरावस्तूंत होतो, आणि अशा वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. किल्ले आणि संरक्षित वास्तूंच्या आवारात खणणे तर साफ निषिद्ध आहे. तिथली फुटकी बाटलीसुद्धा पुरातत्त्वाचा पुरावा असते.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे नोंद. बाटली कोणाकडून मिळाली, कुठल्या गावाची, कुठल्या घरातली, अक्षरे काय, उंची किती, बूच मूळचे की बदललेले, हे एका वहीत लिहावे. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जन्मभर जमवल्या आणि पुण्यात त्यांचे संग्रहालय उभे राहिले. रोजच्या वापरातली वस्तूही इतिहास असते हे त्यांनी आपल्याला दाखवले. बाटलीही तशीच वस्तू आहे. सोन्या-चांदीच्या वस्तूमागे राजाचे नाव असते. सोड्याच्या बाटलीवर मात्र आपल्या गावच्या दुकानदाराचे नाव असते, आणि त्याची आठवण दुसरीकडे कुठेही नोंदलेली नसते.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. माळ्यावरची, देव्हाऱ्यामागची, आजीच्या फडताळातली जुनी बाटली भंगारात देण्याआधी तिच्या अंगावरून एकदा अंगठा फिरवा. अक्षरे लागली तर वाचा, लिहून घ्या, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला तिच्याबद्दल विचारा. आणि बूच सापडत नसेल तर ते आधी शोधा.